शर्यतीची नोंद

गेल्या डिसेंबरात देवळा तालुक्यातील एका माध्यमिक शाळेच्या क्रीडाशिक्षकांचे आम्हांस निमंत्रण आले. हे गुरुजी आमचे जुने स्नेही. परिसरातील चौदा शाळांच्या मुलांसाठी त्यांनी रानवाटेची दौड, म्हणजे सध्याच्या बोलीत क्रॉसकंट्री, आयोजित केली होती. प्रत्येक शाळेची सहा मुले, एकूण ८४. अंतर सुमारे पाच किलोमीटर. वाट कांद्याच्या वावरांच्या बांधावरून, एका कोरड्या नाल्यातून आणि डोंगराच्या मुरमाड उतारावरून जाणारी. आम्ही गेलो होतो ते बक्षिसे वाटण्यास. परंतु वेळनोंदीच्या कामावरचा एक स्वयंसेवक ऐनवेळी आला नाही आणि गुरुजींनी आमच्या हाती मोबाइल दिला. त्यात वेळ नोंदविण्याचे ॲप होते. जो जो मुलगा रेषा ओलांडील त्याच्यासाठी पडद्यावर एकदा अंगठा टेकवायचा, एवढेच काम. पन्नाशी उलटलेल्या धर्मगुरूस ते जमेल असे गुरुजींना वाटले, आणि आम्हांलाही वाटले.

त्या सकाळी आमच्या हातून काय घडले ते यथावकाश सांगू. मात्र तेव्हापासून एक प्रश्न आमच्या मनात घर करून बसला आहे. माणूस धावण्याच्या शर्यती हजारो वर्षे लावीत आला. पण कोण कितवा आला आणि किती वेळात आला, हे सर्वांच्या बाबतीत लिहून ठेवण्याची गरज त्याला केव्हा भासली?

शर्यतीचे नाव निघताच आपणा ख्रिस्ती लोकांना संत पौलाची आठवण होते. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात त्याने धावपटूंचा आणि त्यांना मिळणाऱ्या नाशवंत मुगुटाचा दाखला दिला आहे. हा दाखला त्याने हवेतून काढलेला नव्हता. करिंथपासून जवळच इस्थमिया येथे दर दोन वर्षांनी मोठे क्रीडामेळे भरत. पौल करिंथ येथे सुमारे दीड वर्ष राहिला तो काळ इ.स. ५० ते ५२ च्या दरम्यानचा, त्यामुळे इ.स. ५१ चा मेळा त्याच्या डोळ्यांदेखत भरला असावा, असा अनेक अभ्यासकांचा कयास आहे. विजेत्याच्या मस्तकी पाइनच्या डहाळ्यांचा किंवा सेलरीच्या पाल्याचा मुगुट घालीत. धावतात सगळे, बक्षीस मिळते एकालाच, हे पौलाचे निरीक्षण त्या काळच्या रिवाजाला धरून अगदी तंतोतंत होते. ग्रीकांनी ऑलिंपियाच्या विजेत्यांची यादी इ.स.पू. ७७६ पर्यंत मागे नेऊन जपून ठेवली. पण त्या यादीत पहिल्याचेच नाव. दुसरा कोण, तिसरा कोण, शेवटचा कोण, याची दाद ना फिर्याद. वेळ तर मोजलीच जात नसे, कारण सेकंदाची ओळख असलेले साधन त्यांच्यापाशी नव्हते. पहिला कोण हे डोळ्यांनी दिसते. त्यासाठी घड्याळ लागत नाही.

सेकंद हस्तगत झाला तो पुष्कळ पुढे, सतराव्या शतकात, आणि त्या कामी आपल्या धर्मगुरूंनी सोसलेले कष्ट फारसे कोणाला ठाऊक नाहीत. इटलीतील बोलोन्या येथे जोव्हान्नी बात्तिस्ता रिच्चोली हे येशूसंघीय फादर खगोलशास्त्राचा अभ्यास करीत. पडणाऱ्या वस्तूचा वेग मोजायचा तर आधी अचूक सेकंद हवा, आणि अचूक सेकंद हवा तर बरोबर एका सेकंदात एक झोका घेणारा लंबक हवा. लंबक बरोबर आहे की नाही हे ठरविण्याची एकच रीत त्यांना दिसली : एका मध्यान्हापासून दुसऱ्या मध्यान्हापर्यंत त्याचे झोके मोजायचे. दिवसाचे सेकंद ८६,४००. झोकेही तितकेच भरले पाहिजेत. एप्रिल १६४२ मध्ये त्यांनी आपल्या संघाचे नऊ फादर हाताशी घेतले आणि चोवीस तास पाळीपाळीने झोके मोजविले. मोजणी भरली ८७,९९८. म्हणजे लंबक किंचित आखूड. रिच्चोलींनी तो आकडा लपविला नाही. लंबक दुरुस्त करून सगळी मोजणी पुन्हा करविली आणि १६५१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या बृहद्ग्रंथात या साऱ्या खटपटीचा वृत्तांत दिला. रात्रीच्या प्रार्थनेनंतर झोप बाजूला सारून झोके मोजीत बसलेल्या त्या फादरांना आम्ही वेळनोंदीचे पहिले स्वयंसेवक मानतो. यात आमचा पक्षपात असेल तर वाचकांनी तो पोटात घालावा.

शर्यतीची वेळ टिपणारे घड्याळ पुढे आले ते माणसांसाठी नव्हे, घोड्यांसाठी. १८२१ साली पॅरिसमध्ये निकोला रिओसेक नावाच्या घड्याळजीने घोड्यांच्या शर्यतीत एक यंत्र वापरून दाखविले. घोडा रेषेवर आला की कळ दाबायची आणि तबकडीवर शाईचा ठिपका उमटायचा. एकामागून एक आलेल्या घोड्यांचे ठिपके त्या तबकडीवर राहत. म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्याची वेळ टिपण्याची सोय प्रथम लाभली ती जनावरांना.

माणसांच्या रानवाटेच्या दौडीला संघटित रूप आले इंग्लंडात. तेथील निवासी शाळांतील मुले ससा आणि शिकारी कुत्रे असा खेळ खेळत. एकाने कागदाचे कपटे टाकीत पुढे पळायचे, बाकीच्यांनी त्या कपट्यांच्या मागावर धावायचे. या खेळातून १८६८ साली लंडनजवळ पहिला क्लब निघाला. १८७६ मध्ये एपिंगच्या अरण्यात पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. तिची हकीकत आमच्या गुरुजींना सांगितली तेव्हा ते पोट धरून हसले. स्पर्धेत ३२ जण धावले आणि ३२ च्या ३२ वाट चुकले! स्पर्धा रद्दबातल ठरवावी लागली. पहिला अधिकृत विजेता मिळण्यास १८७७ साल उजाडले. मैदानावरच्या शर्यतीत असे होऊ शकत नाही. रानवाटेला मात्र प्रत्येक वळणावर उभा राहणारा माणूस लागतो, आणि असा माणूस पगार देऊन कोणी नेमीत नाही.

१९०३ साली स्कॉटलंडमधील हॅमिल्टन येथे इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्स यांचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. तोवर या दौडीची गुण देण्याची पद्धत रुळली होती, आणि ग्रीकांच्या रीतीहून ती अगदीच निराळी होती. पद्धत अशी : संघातील प्रत्येक गड्याचा जो क्रमांक येईल तेच त्याचे गुण, ठरावीक गड्यांच्या क्रमांकांची बेरीज करायची आणि ज्या संघाची बेरीज सर्वांत कमी तो विजयी. किती गडी मोजायचे हा आकडा काळानुसार आणि स्पर्धेनुसार बदलत आला आहे. देवळ्यास सहा धावणार आणि पहिले चार मोजणार, असा नियम होता. उरलेले दोघे बेरजेत नसले तरी वाया जात नाहीत; ते दुसऱ्या संघाच्या एखाद्या गड्यापुढे आले की त्याचा क्रमांक एकाने खाली ढकलतात.

हा हिशेब वरवर साधा दिसतो. पण त्याने शर्यतीचा अर्थच पालटला. येथे पहिल्याला फक्त एक गुण आणि तो एक गुण संघाला एकट्याने तारीत नाही. निकाल बहुधा लागतो तो मधल्या गर्दीत, जेथे धुळीत चेहरेही ओळखू येत नाहीत. पॅरिसच्या १९२४ च्या ऑलिंपिकमध्ये त्याचे विलक्षण प्रत्यंतर आले. जुलै महिन्यातील भयंकर उकाड्यात ३८ जण धावायला निघाले. त्यांतले केवळ १५ शेवटपर्यंत पोहोचले. फिनलंडचा पाव्हो नुर्मी सुमारे दीड मिनिटाच्या अंतराने पहिला आला, त्याचा देशबांधव रिटोला दुसरा. पण संघाच्या पदकासाठी तीन गडी लागत. फिनलंडचा तिसरा गडी लीमाताइनेन रेषेच्या अलीकडेच भोवळल्यासारखा होऊन थांबला, भानावर आला आणि चालत चालत रेषेपलीकडे गेला. तो बारावा होता. जगप्रसिद्ध नुर्मीला संघाचे सुवर्णपदक मिळाले ते या बाराव्या माणसाच्या चालण्यामुळे. त्या दिवशीची धावपटूंची दैना पाहून ही स्पर्धा ऑलिंपिकमधून काढून टाकण्यात आली.

ऑलिंपिकचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट सांगून टाकतो. अधिक वेगाने, अधिक उंच, अधिक बलवान हे जे त्याचे २०२१ पर्यंतचे लॅटिन ब्रीदवाक्य, ते डॉमिनिकन संघाचे फादर आंरी दिदों यांनी १८९१ साली पॅरिसजवळच्या आर्क्यई येथील आपल्या शाळेच्या क्रीडामेळ्यात उच्चारले होते. त्यांचे मित्र पियेर द कुबेर्तँ यांनी ते उचलले. शाळेच्या मुलांसाठी बोललेले शब्द कोठवर जातील हे सांगता येत नाही.

आता आपल्या मुलखाकडे वळू. महाराष्ट्रात धावण्याच्या शर्यतीची वेळ नोंदविल्याने केवढे स्थित्यंतर घडले, याचे उदाहरण पुण्याचे आहे. १९०६ साली स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्षपद सर दोराबजी टाटा यांच्याकडे होते. १९१९ च्या सुमारास तेथील क्रीडास्पर्धा पाहताना त्यांनी जे अनुभवले, ते त्यांनी १९२९ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात सविस्तर नमूद केले आहे. संयोजकांना युरोपीय नियमांची माहिती नव्हती. शंभर यार्डांची शर्यत वळणावरून आणि धावपटूंमध्ये दोऱ्या न बांधताच घ्यायचा त्यांचा बेत होता; धावणे म्हणजे धावणे, त्याला शास्त्र कसले, अशी समजूत. धावणारी बहुतेक मुले शेतकऱ्यांची. रानात राबणारी, हलक्या अन्नावर वाढलेली. पंचवीस मैलांच्या आसपासची लांब शर्यत ती खडीच्या आणि मातीच्या रस्त्यावरून अनवाणी धावली. कोणी शिकवणारा नाही, पायांत बूट नाही. तरीही पहिल्या तीन-चार जणांच्या वेळा दोराबजींनी पाहिल्या तेव्हा युरोपातील शिकवून तयार केलेल्या धावपटूंच्या वेळांशी त्यांची तुलना होऊ शकते, असे त्यांच्या ध्यानात आले.

येथे वाचकांनी क्षणभर थांबावे अशी आमची विनंती आहे. ही मुले त्याआधीही धावत होती. जत्रांत धावत होती, पैजा मारून धावत होती. त्यांचे धावणे कोणाच्या हिशेबात धरले गेले नाही, कारण गावच्या पैजेत पहिला कोण एवढेच पाहत आणि नारळ देऊन मोकळे होत. हाती घड्याळ घेऊन उभ्या असलेल्या कोणा एकाने मिनिटे कागदावर उतरविली तेव्हाच पुण्याचा अनवाणी शेतकरी आणि युरोपचा धावपटू एका मापाने मोजता आले. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्यापाशी दोराबजींनी भारताने ऑलिंपिकमध्ये उतरण्याचा विषय काढला; पुढील खटाटोप होऊन १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा छोटासा संघ गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते, सदाशिव दातार होते. ऑगस्टमध्ये झालेल्या त्या मॅरेथॉनचे अंतर होते ४२.७५ किलोमीटर, म्हणजे आजच्या ठरीव अंतराहूनही थोडे अधिक. चौगुले दोन तास पन्नास मिनिटे आणि पाऊण मिनिटाच्या आसपास वेळेत एकोणिसावे आले. पहिला आलेला फिनलंडचा कोलेमाइनेन त्यांच्या अठरा मिनिटे पुढे होता. ग्रीकांच्या हिशेबाने चौगुल्यांचे नाव उरलेच नसते. एकोणिसाव्याची नोंद करणारा पंच तेथे होता म्हणून बेळगावचे हे नाव आज आपण शंभर वर्षांनंतरही घेऊ शकतो.

त्या काळी वेळ मोजली जाई ती हातातल्या घड्याळाने. या हातमोजणीचे नियम मोठे विचारपूर्वक बेतलेले आहेत. पहिल्याच्या वेळेसाठी तीन पंच तीन घड्याळे घेऊन उभे राहतात. दोन घड्याळे जुळली तर ती वेळ धरायची. तिन्ही निराळी निघाली तर मधली. आणि दोनच घड्याळे उपलब्ध असून ती जुळली नाहीत तर जी वेळ जास्त ती. मैदानाबाहेरच्या शर्यतीत अपुरा सेकंद नेहमी पुढच्या पुऱ्या सेकंदात धरतात. संशयाचा फायदा धावणाऱ्याला द्यायचा नाही, हे त्यामागचे तत्त्व. न्यायालयात उलटे असते. परंतु येथे एकाला दिलेला फायदा दुसऱ्याच्या वाट्यातून जातो, म्हणून ही कठोरता.

नाशिक जिल्ह्याला सेकंदाच्या अंशाचे मोल शिकविले ते सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी. आदिवासी पाड्यावर वाढलेल्या या मुलीने ऑक्टोबर २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळविले आणि पुढच्याच महिन्यात चीनमधील ग्वांगचौ येथे आशियाई स्पर्धेत रौप्यपदक. ग्वांगचौला त्यांची वेळ ३१ मिनिटे ५१.४४ सेकंद, आणि सुवर्णपदक जिंकणाऱ्या केरळच्या प्रीजा श्रीधरन यांची ३१ मिनिटे ५०.४७ सेकंद. दहा किलोमीटर धावून दोघींत पुरता एक सेकंदही नाही.

ही आकड्यांची गोष्ट केवळ पदकांपुरती आहे असे मात्र कोणी समजू नये. १९९९ साली स्वतंत्र तालुका झालेल्या देवळ्यात पहाटे फिरायला निघा. विंचूर-प्रकाशा मार्गावर, भावडबारी घाटाच्या अंगाला, अंधारात मुले-मुली पळताना दिसतील. यांतल्या बहुतेकांना ऑलिंपिक नको आहे; त्यांना पोलीस भरती हवी आहे. भरतीच्या मैदानी चाचणीच्या ५० गुणांत २० गुण एकट्या लांब धावण्याला असतात, मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८००. काही सेकंदांनी गुण घटतो आणि एका गुणाने वर्षभराची वाट पाहणे नशिबी येते. कांद्याचा भाव पडलेल्या वर्षी त्या एका गुणाकडे सगळे घर डोळे लावून बसलेले असते. अलीकडच्या भरतीत धावणाऱ्याच्या अंगावर चिप बांधून वेळ घेतात ती याचसाठी, की पंचाच्या अंगठ्यावर कोणी संशय घेऊ नये.

चिपची कुळकथाही घोड्यांच्या घड्याळासारखीच आहे. मुळात ही विद्या गुराढोरांची ओळख पटविण्याच्या कामी वापरात होती. १९९० नंतरच्या दशकात हॉलंडमधील मंडळींनी ती धावपटूच्या बुटाच्या नाडीत अडकविली. १९९६ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ती वापरली गेली. जमिनीवर अंथरलेल्या चटईवरून पाय पडला की नोंद झाली. हजारो माणसे एका वेळी निघाली तरी प्रत्येकाची वेळ त्याने निघण्याची रेषा ओलांडल्यापासून मोजता येऊ लागली. १५ फेब्रुवारी २००४ रोजी मुंबई मॅरेथॉन सुरू झाली आणि २०११ मध्ये आपल्या वसई-विरारची. तेव्हापासून ही चिप आपल्या धर्मग्रामांतील तरुणांच्या परिचयाची झाली आहे.

पण चिपा, चटया आणि त्यांची यंत्रे भाड्याने आणायला पैसा लागतो. देवळ्याच्या शाळेने तो कोठून आणावा? तिच्यासाठी दुसरी वाट त्याच २००४ साली, २ ऑक्टोबर रोजी, लंडनच्या बुशी पार्कमध्ये निघाली. पॉल सिंटन-ह्युइट नावाच्या गृहस्थाने आपल्या परिचितांची पाच किलोमीटरची दौड ठेवली. धावणारे तेरा, मदतनीस मूठभर. क्रमांक देण्यासाठी त्याने हार्डवेअरच्या दुकानातून बोल्टाखाली घालायचे लोखंडी वायसर आणले आणि त्यांवर आकडे ठोकले. रेषा ओलांडली की हातात वायसर. ते घेऊन पुढच्या टेबलाशी जायचे आणि आपले नाव सांगायचे. पार्करन या नावाने ती दौड पुढे वीसहून अधिक देशांत पसरली. वायसरच्या जागी प्लॅस्टिकची टोकने आली आणि घड्याळाच्या जागी स्वयंसेवकाच्या मोबाइलमधले ॲप. मूळ तत्त्व कायम राहिले. एकाने फक्त वेळ टिपायची, दुसऱ्याने फक्त क्रम टिपायचा, दोघांनी एकमेकांच्या कामात पडायचे नाही, आणि शेवटी दोन याद्या शेजारी ठेवून जुळवायच्या. दोन्हींची लांबी सारखी भरली तर ठीक. न भरली तर कोठे तरी माणूस चुकला.

देवळ्यास नेमके तेच झाले.

गुरुजींची व्यवस्था चोख होती. रेषेपलीकडे दोरखंड बांधून अरुंद बोळ केला होता, म्हणजे आलेली मुले एकामागे एक राहावीत. आम्ही रेषेवर अंगठा टेकवीत होतो. बोळाच्या तोंडाशी नववीतली एक मुलगी वहीत चेस्ट नंबर उतरवून घेत होती. खुद्द गुरुजी बाजूला पेन्सिल घेऊन उभे होते आणि दर दहाव्या मुलाचा नंबर व आपल्या मनगटी घड्याळातील वेळ तेवढी टिपीत होते. ॲप असताना हा खटाटोप कशाला, असे आम्ही त्यांना थट्टेने म्हटलेही. शेजारच्या वावरात कांद्याची लागवड चालली होती. बाया हातातली रोपे तशीच धरून बांधावर आल्या आणि कोणाचा का मुलगा असेना, त्याला ओरडून बळ देऊ लागल्या.

शर्यत संपली. ॲपमध्ये ८४ वेळा, वहीत नंबर ८३. धावायला निघाले होते ८४. तेव्हा ॲप बरोबर आणि मुलगी एक नंबर लिहायला चुकली, असा निष्कर्ष आम्ही तत्काळ काढला. तिच्या यादीत ५७ नंबर नव्हता. मग तो कोठे घालायचा? आम्हांस आठवत होते की सातव्याच्या मागोमाग आम्ही अगदी लागोपाठ दोनदा अंगठा टेकवला होता. तिच्या वहीत त्या जागी एकच मुलगा होता. झाले! ५७ नंबरला आठवा क्रमांक देऊन आम्ही पुढच्या सर्वांना एकेक पायरी खाली उतरविले. मुलगी दबक्या आवाजात म्हणाली, "फादर, सातव्याच्या मागून गेला तो पळणारा नव्हता. मोठा माणूस होता." आम्ही तिला सांगितले, "बाळ, मशीन खोटे बोलत नाही." हे आमचे वाक्य आम्हांस पुढे कित्येक दिवस ऐकू येत राहिले.

त्या एका आकड्याने काय केले ते पाहा. मुलीच्या वहीप्रमाणे एका शाळेचे चार गडी पहिले, चौथे, सातवे आणि एकविसावे : बेरीज ३३. दुसऱ्या शाळेचे तिसरे, आठवे, नववे आणि बारावे : बेरीज ३२. म्हणजे ढाल दुसऱ्या शाळेची. ही शाळा वस्तीवरची, लहानशी. पहिल्या दोघांत तिचा एकही मुलगा नव्हता, पण तिचे गडी मध्यावर एकमेकांना धरून धावले होते. आम्ही आठव्या जागी ५७ घुसविला तेव्हा पहिल्या शाळेचा एकविसावा तेवढा बाविसावा झाला, बेरीज ३४. दुसऱ्या शाळेचे मात्र तिघे सरकले. तिसरे, नववे, दहावे आणि तेरावे, बेरीज ३५. निकाल फिरला. ध्वनिक्षेपकावरून तो जाहीरही झाला. वस्तीवरच्या शाळेची मुले काही बोलली नाहीत. बोळाच्या दोरीशी बसून राहिली.

ढाल आमच्या हाती देण्यात आली, तेवढ्यात नाल्याच्या वळणावर उभा केलेला स्वयंसेवक मोटारसायकलवरून आला. मागे एक मुलगा बसलेला, पोटरी धरून. त्याच्या छातीवर नंबर ५७. वांब येऊन तो नाल्यातच बसून राहिला होता. आम्ही त्याला आठवा आणला होता. गुरुजींनी काही न बोलता आपली वही उघडली. त्यांचा दहावा आणि मुलीचा दहावा एकच मुलगा. आमच्या यादीत तो अकरावा. त्यांच्या घड्याळातील त्याची वेळ ॲपमधल्या अकराव्या वेळेशी जुळत होती. म्हणजे जास्तीची नोंद पहिल्या दहांतच होती, मुलीच्या हातून काही सुटले नव्हते आणि जास्तीचा टेका आमच्याच अंगठ्याचा होता. मोठा माणूस कोण हेही लवकरच उघड झाले. एका मुलाचे काका मोबाइलवर भाच्याचे चित्रण करीत शेवटचे पन्नास पावले त्याच्या बरोबरीने धावले होते आणि त्या भरात रेषा ओलांडून गेले होते. त्यांनी स्वतःच ते चित्रण आणून दाखविले. त्यात रेषा दिसते, आम्ही दिसतो, आणि काकांच्या नावाने पडलेला आमचा अंगठाही दिसतो.

ध्वनिक्षेपक आम्ही मागून घेतला. चूक कोणाची ते आधी सांगितले, त्या मुलीची सर्वांदेखत क्षमा मागितली आणि मग दुरुस्त निकाल वाचला : पहिल्या क्रमांकापासून ८३ व्यापर्यंत, प्रत्येकाचे नाव आणि वेळ. त्याला बराच वेळ लागला. बाया तोवर पुन्हा वावरात उतरल्या होत्या. आपल्या गावच्या मुलाचे नाव आले की तेवढ्यापुरत्या कंबर सरळ करून पाहत. ढाल वस्तीवरच्या शाळेला गेली. पहिल्या शाळेच्या शिक्षकांनी कुरकूर केली नाही, हे त्यांचे मोठेपण येथे नोंदविले पाहिजे.

यंदाच्या दौडीचेही आमंत्रण आम्हांस आले आहे. रेषेच्या दोन्ही अंगांना पन्नास पावलांपर्यंत दोरी बांधणार आहेत, काकांसाठी. वेळ टिपण्यास या खेपेस दोन मोबाइल राहतील, त्यांतला एक आता दहावीत गेलेल्या त्या मुलीच्या हाती. आमच्याकडे गुरुजींनी पेन्सिल आणि दहाव्याची वही सोपविली आहे.